उच्च श्रेणी प्रतीक्षालय

आमच्या घरी हाड मोडलं की मिरज, हे आजीच्या काळापासून ठरलेलं आहे. बेळगावात दवाखाने नाहीत असं नाही. चांगले आहेत, मोठे आहेत. पण आजीचा हात मोडला होता तेव्हा तिला मिरजेला नेलं, तो सरळ जुळला, आणि घरच्यांचा विश्वास तिथे बसला तो बसलाच. हे आमच्या एकट्या घरचं नाही. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं आणि पुढे हे गाव औषधपाण्यासाठीच ओळखलं जाऊ लागलं. कर्नाटकातून, कोकणातून, गोव्यातून माणसं येतात. मिरज जंक्शनच्या फलाटावर कधीही बघा, बॅगांच्या बरोबरीने एक्स-रेची मोठाली पाकिटं दिसतात.

मागच्या वर्षी त्यात आमचंही एक पाकीट होतं.

आप्पा उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला आहेत. जून महिन्यात मोल्डिंगचा बॉक्स त्यांच्या डाव्या पायावर पडला आणि नडगी दोन ठिकाणी मोडली. मिरजेत ऑपरेशन झालं, आत रॉड घातला, बारा दिवसांनी घरी सोडलं. निघताना डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली: पाय लोंबता ठेवायचा नाही, सूज येईल. बेळगावपर्यंत गाडी ठरवावी असं मला वाटत होतं, पण तेवढे पैसे हातात राहिले नव्हते. म्हणून स्लीपरची तीन तिकिटं काढली. आप्पा खालच्या बर्थवर आडवे पडतील, तीनेक तासांत बेळगाव, असा माझा हिशोब.

हिशोब बरोबर होता. फक्त गाडी अडीच तास उशिरा होती, आणि आषाढी एकादशी चार दिवसांवर आली होती.

आषाढीच्या आधीचं मिरज स्टेशन ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पंढरपूरला जाणाऱ्या गाड्या इथून सुटतात. पूर्वी त्या बाजूला नॅरोगेजची छोटी गाडी जायची. एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ या एका स्टेशनात येऊन मिळत. आमचे आजोबा सांगायचे की मिरजेला उतरलं की माणसाला डबा बदलावा लागायचाच, मालालाही बदलावा लागायचा. आता सगळे रूळ एका मापाचे झालेत. त्या दिवशी मात्र फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रतीक्षालयात वारकरी, त्यांची गाठोडी, टाळ, ओले सदरे, भाकरीची फडकी. बाहेर पाऊस तिरका येत होता. बाकावर एका आजोबांनी सरकून आप्पांना जागा दिली, पण बाकाला मधे मधे लोखंडी हात होते. पाय वर घ्यायची सोय नाही. मी माझी बॅग उभी करून त्यावर पाय ठेवला. बॅग कलंडली. परत उभी केली. परत कलंडली. आप्पा काही बोलत नव्हते, पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता, तोही पावसात.

तेव्हा मला ती पाटी दिसली. मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. शेडबाळ मागं पडलं की पाट्यांवर मराठी यायला लागते, आणि आम्हा बेळगावकरांना ती वाचून उगीचच बरं वाटतं. ही पाटी वाचून तसं काही वाटलं नाही. तिच्यावर लिहिलं होतं: उच्च श्रेणी प्रतीक्षालय.

काचेचं दार होतं. आत रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या, गाद्या असलेल्या. मी आप्पांना म्हटलं, "चला, आत बसू."

"आपलं तिकीट तिथलं न्हवं," आप्पा म्हणाले.

"विचारून बघतो."

"कशाला पळूलास? बस की हितंच. येईल गाडी."

मी ऐकलं नाही. दाराच्या आत एका छोट्या टेबलाशी पन्नाशीच्या एक मावशी बसल्या होत्या. समोर मोठं रजिस्टर, त्याला दोरीने बांधलेलं पेन. रजिस्टरात रकाने होते: नाव, तिकिटाचा नंबर, गाडी, वर्ग, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. आत येणाऱ्यानं स्वतःच भरायचं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टर माझ्या बाजूला सरकवलं.

खरं सांगतो, तेवढ्या दोन मिनिटांत मी सगळं ठरवून टाकलं होतं. पीएनआर दहा आकडी असतो, तो आपलाच खरा लिहायचा. 'वर्ग' या रकान्यात मात्र 'एसी' लिहायचं. कोण तपासतंय? मी नाव लिहिलं, नंबर लिहिला, आणि वर्गाच्या रकान्याशी पेन थांबलं. तेवढ्यात आई आप्पांना धरून दारापाशी आली. आप्पा वॉकरवर, एक पाय अधांतरी, गुडघ्यापर्यंत पांढरं बँडेज आणि त्यावर दवाखान्याची प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, पावसासाठी.

मावशींनी ते पाहिलं. मग माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. म्हणाल्या, "स्लीपरचं तिकीट हाय न्हवं?"

मी मान हलवली.

"मग खोटं लिहू नका. काय लिहूच नका. बसवा त्यास्नी. कुणी इचारलं तर मी सांगते."

आत सहा-सात माणसं होती. आम्ही आत गेलो तेव्हा सगळ्यांनी वर पाहिलं. कपडे, बॅगा, पिशव्या बघून कोण कुठल्या डब्यातलं ते कळतंच. सांगावं लागत नाही. क्षणभर सगळे गप्प. मग कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले एक गृहस्थ उठले. त्यांची सुटकेस शेजारच्या खुर्चीवर होती, ती त्यांनी उचलून खाली ठेवली आणि ती खुर्ची ओढून आप्पांच्या समोर आणली, पाय ठेवायला. एक शब्द बोलले नाहीत. परत जागेवर जाऊन पेपर वाचायला लागले. त्यानंतर कुणी आमच्याकडे पाहिलं नाही. म्हणजे मी म्हणतोय ते चांगल्या अर्थाने.

अडीच तास आम्ही तिथं बसलो. पंखा चालू होता, भिंतीवर आरसा होता, पिण्याच्या पाण्याची सोय होती. आईनं दोनदा तोंड धुतलं आणि आरशात बघून कुंकू नीट केलं. आप्पा मात्र खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसले होते. मागे टेकले नाहीत. मी दोनदा म्हटलं, "टेका की." "बरं हाय," म्हणाले. मधेच त्यांची चुळबुळ सुरू झाली. मी विचारलं, बाथरूमला जायचंय का? ते दार पाच पावलांवर होतं. "नको," म्हणाले. गाडी येईपर्यंत थांबले, आणि गाडीत बसल्यावर पहिल्यांदा मला धरून तिकडे गेले. बसायची परवानगी मावशींनी दिली होती. तेवढीच त्यांनी घेतली, जास्त नाही.

कुडचीचा पूल ओलांडताना त्यांनी एकच विचारलं, "खुर्चीला डाग तर न्हाई ना पडला? बँडेज ओलं होतं."

त्यानंतर मला रेल्वेतल्या या वर्गांबद्दल वाचायचा नाद लागला. आपल्याकडे १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली, हे शाळेत पाठ केलेलं. पण पुढे गाडीबरोबर माणसांचीही मापं ठरत गेली: पहिला वर्ग, दुसरा, मधे इंटर, शेवटी तिसरा. डब्याप्रमाणे बसायची खोली वेगळी, पाणी पिण्याची जागा वेगळी. गांधीजी तिसऱ्या वर्गाने फिरायचे हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच गांधीजींना ७ जून १८९३ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरित्झबर्ग स्टेशनवर पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं होतं, खिशात पहिल्या वर्गाचं तिकीट असताना. ती रात्र त्यांनी तिथल्या प्रतीक्षालयात थंडीत कुडकुडत काढली. ओव्हरकोट सामानात होता, सामान रेल्वेवाल्यांच्या ताब्यात, आणि पुन्हा अपमान होईल म्हणून त्यांनी तो मागितलासुद्धा नाही. हे वाचलं तेव्हा मला आप्पा आठवले. माणसाला जवळचीच गोष्ट मागता येत नाही असं होतं, हे मी पाहिलं होतं.

तिसरा वर्ग १९७४ साली कागदावरून गेला. म्हणजे त्याचं नाव गेलं. त्यातली लाकडी फळी खऱ्या अर्थाने हटवायला सुरुवात केली ती मधु दंडवते यांनी. राजापूर मतदारसंघाचे खासदार, १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंचांचा फोम बसवायचा निर्णय त्यांचा. आप्पा त्या दिवशी बेळगावपर्यंत ज्यावर आडवे पडून आले तो हाच फोम. २६ डिसेंबर १९७७ ला त्यांनी हावडा ते मुंबई गीतांजली एक्सप्रेस सुरू केली, तिला पहिला वर्गच नव्हता. पहिल्या वर्गाच्या लोकांची गादी काढून घ्यायची नाही, खालच्यांना गादी द्यायची, असा त्यांचा साधा विचार होता. आमच्या वाङ्मय मंडळात अनेकदा समतेवर चर्चा होतात. दोन इंच फोम इतकी मोजता येईल अशी समता मी दुसरीकडे वाचली नाही.

हे सगळं वाचून माझ्या डोक्यात एक भाषण तयार व्हायला लागलं. आणि योगायोगाने जानेवारीत पुण्याच्या एका वक्तृत्व स्पर्धेला आमच्या मंडळातर्फे माझं नाव गेलं. विषय होता, 'संविधान आणि मी'.

भाषणाची सुरुवात मी मसूरपासून केली होती. मसूर हे मिरज-पुणे मार्गावर कराडच्या पुढचं छोटं स्टेशन आहे. बेळगावहून पुण्याला जाणारे आपण सगळे त्या स्टेशनवरून जातो, पण किती जणांच्या लक्षात येतं? १९०१ साली लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून या मसूर स्टेशनवर उतरले. वडील गोरेगावला नोकरीला होते, त्यांनी सुट्टीत बोलावलं होतं. नवे शर्ट, जरीच्या टोप्या, पायात नवे बूट. न्यायला कोणीच आलं नव्हतं, कारण मुलं येत असल्याचं पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. स्टेशन मास्तरांनी आधी आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली, आणि मास्तरांचा चेहराच बदलला, ते मागे फिरले. मग कुणी गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं असं ठरलं. रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळालं नाही. डॉ. आंबेडकरांनी पुढे ही हकीकत स्वतः इंग्रजीत लिहिली. त्या लिखाणाचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. नावातच वाट पाहणं आहे.

ही माझी सुरुवात होती. आमच्या सरांना ती आवडली होती. "आपल्याच लाइनवरचं स्टेशन आहे, लोक लक्ष देऊन ऐकतील," ते म्हणाले होते.

बेळगावहून थेट गाडीचं तिकीट मिळेना, म्हणून पुण्याच्या मामाने मिरज ते पुणे रात्रीच्या गाडीचं काढून दिलं. स्लीपर भरलेलं होतं, थर्ड एसीत एक जागा होती. माझ्या आयुष्यातलं पहिलं एसीचं तिकीट. संध्याकाळी मी मिरजेला उतरलो. गाडीला तीन तास होते. पाय आपोआप त्या काचेच्या दाराकडे वळले.

मावशी नव्हत्या. त्यांच्या जागी माझ्याच वयाचा एक मुलगा बसला होता, मोबाइल बघत. मी रजिस्टर ओढलं. नाव लिहिलं, नंबर लिहिला, आणि 'वर्ग' या रकान्यात ३ ए असं जरा ठळकच लिहिलं. सही केली. खोटं सांगत नाही, मला ते लिहिताना मजा वाटली. मग आत गेलो आणि खुर्चीत मागे टेकून बसलो. आप्पा ज्या खुर्चीवर बसले होते तिच्या समोरच्याच खुर्चीवर. मित्राचा ब्लेझर आणला होता, तो सुरकुतू नये म्हणून शेजारच्या खुर्चीच्या पाठीला घातला. भाषणाचे कागद काढले आणि मनात म्हणायला लागलो.

साधारण साडेआठला दार थोडं उघडलं. एक बाई, सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीच्या अंगात फ्रॉकवर मोठ्या माणसाचा स्वेटर. बाई दारातूनच त्या मुलाला म्हणाली, "दादा, पोरीला बाथरूमला जायचंय. तिकडं लई लाईन हाय. पोट बिघडलंय तिचं."

बसायला जागा मागत नव्हती. पाच मिनिटं मागत होती.

तो मुलगा काही बोलायच्या आत माझ्या बाजूच्या रांगेतून एक जण म्हणाले, "अहो, हे फर्स्ट क्लासवाल्यांचं आहे. तिकडे जा ना तुम्ही." आवाज चढवला नव्हता. रागसुद्धा नव्हता. पत्ता सांगावा तसं सांगितलं.

आणि इथे एक गोष्ट घडली, ती लिहिण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. दाराजवळच्या त्या मुलाने दार लावलं नाही. त्याचा हात दारावर होता, आणि तो आमच्याकडे पाहत होता. एकेकाकडे. आम्ही सहा जण होतो. त्याला नाही म्हणायचं नव्हतं, हे अगदी स्पष्ट दिसत होतं. आमच्यातला एक जण जरी म्हणाला असता, 'असू दे, येऊ द्या', तर त्याने दार उघडलं असतं. एकाने तक्रार केली होती. त्याला दुसरा एक जण हवा होता. त्याची नजर माझ्यापर्यंत आली. बाईचीही आली.

मी कागदात पाहिलं.

कागदावर पहिल्याच ओळीत मसूर होतं.

"चल बाळ," असं बाई म्हणालेली ऐकू आली, आणि दार लागलं. त्या दाराला आवाज होत नाही, वर ते लोखंडी यंत्र असतं, त्याने ते हळूहळू आपोआप लागतं. मी बराच वेळ कागदाकडे बघत बसलो. असं सगळं घडायला एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. ज्यांनी तिला जायला सांगितलं ते गृहस्थ थोड्या वेळाने मला म्हणाले, "स्पर्धेला चाललात का? छान. बेस्ट लक." चांगले गृहस्थ होते.

तेव्हा मला जुलैमधले ते पेपरवाले काका आठवले, आणि त्यांनी काय केलं होतं ते पहिल्यांदा कळलं. इतके दिवस मी सगळ्यांना मावशींचीच गोष्ट सांगत होतो. मावशी थोर होत्याच. पण मावशींनी फक्त दार उघडलं होतं. आम्ही आत गेल्यावर ती जी क्षणभर शांतता झाली होती, तिच्यात जर एक जण म्हणाला असता की हे स्लीपरवाले इथे कसे, तर मावशींनाही काही करता आलं नसतं. त्यांना नोकरी आहे, वर साहेब आहेत, नियम लेखी आहे. काकांनी सुटकेस उचलून खाली ठेवली आणि विषय संपवला. दारावर बसणाऱ्याच्या हातात दार अर्धंच असतं. बाकीचं अर्धं आत बसलेल्यांच्या हातात असतं, आणि ते आपल्या हातात आहे हे आत बसलेल्यांना माहीतही नसतं. मला तरी नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदाच आत बसलो होतो.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. ज्यांनी जास्त पैसे भरले त्यांना बसायला जागा मिळायला हवी, नाहीतर आषाढीत ती खोलीही भरून जाईल, हे मला कळतं. आता मोठ्या स्टेशनांवर तर नवीन लाउंज झालेत, सोफे, कॉफी, जेवण; काही ठिकाणी तासावर पैसे, काही ठिकाणी क्रेडिट कार्ड दाखवलं की प्रवेश. त्यालाही माझी हरकत नाही. पण नियमाच्या कडेला नेहमी थोडी जागा असते. सुटकेसएवढी, पाच मिनिटांएवढी. तिथे नियम काय म्हणतो हा प्रश्न नसतोच. तिथे आपण काय म्हणतो एवढंच असतं. आणि मी काही म्हटलं नाही.

गाडी वेळेवर आली. थर्ड एसीत पांढरी चादर, उशी, घोंगडं. झोप आली नाही. कराड गेल्यावर मी दाराशी जाऊन उभा राहिलो. मसूर बघायचं होतं. गाडी तिथे थांबणार नव्हती. अंधारात दोन-चार दिवे, एक पिवळी पाटी, आणि गेलंसुद्धा. इतकं लहान स्टेशन. एकशेवीसहून अधिक वर्षांपूर्वी तिथे चार मुलं वाट पाहत बसली होती. त्या मुलांवर जे बेतलं त्याची आणि त्या बाथरूमच्या दाराची बरोबरी मी करत नाही. ती होऊ शकत नाही. तसं म्हणणं हा त्या मुलांचा अपमान होईल. मला फक्त एवढंच वाटलं की मसूरच्या फलाटावर त्या दिवशी स्टेशन मास्तर एकटे नव्हते. गाडीवान होते, हमाल असतील, येणारेजाणारे असतील. त्यांतल्या कितींनी मान खाली घालून हातातल्या कशाकडे तरी पाहिलं असेल? माझ्या भाषणात फक्त मास्तर होते. मी त्यांना फार जोरात झोडपलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेत मी मसूर वगळलं. व्यासपीठावर उभा राहिलो आणि तो शब्द तोंडातून येईना. दुसऱ्या परिच्छेदापासून सुरुवात केली. कलमं सांगितली, उद्देशिका सांगितली, आवाज चढवला, उतरवला. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं होतं, 'मांडणी चांगली, पण स्वतःच्या जीवनातील उदाहरण हवे होते.'

तो कागद मी जपून ठेवलाय.

घरी आल्यावर ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असं ठरवलं होतं. पण मार्चमध्ये एकदा संध्याकाळी आप्पा कामावरून आले. आता ते फाउंड्रीत परत जातात, थोडे लंगडतात, जड काम देत नाहीत. दमले होते. पाय उशीवर ठेवून पडले होते आणि मी तेल चोळत होतो. का कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. रजिस्टरात ३ ए ठळक लिहिलं तेही सांगितलं. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा म्हणतील जाऊ दे, तू तर लहान आहेस. दोन्ही म्हणाले नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "मग पोरीचं काय झालं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"उठून बघायचं होतंस की," ते म्हणाले.

माझ्याबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. गेले दोन महिने मी स्वतःचाच विचार करत होतो: मी गप्प का बसलो, मी असा कसा, माझं भाषण, माझी लाज. त्या मुलीचं पुढे काय झालं, तिला दुसरीकडे जागा मिळाली का, की तशीच गाडीत बसली, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आप्पांना तो पहिला पडला. खुर्चीच्या कडेवर अडीच तास बसलेल्या माणसाला तो पडणारच.

पुढच्या वर्षी रॉड काढायला पुन्हा मिरजेला जायचंय. आप्पा आत्ताच म्हणूलेत, जनरलनं जाऊ, आता पाय बरा हाय. मी म्हटलं बघू. मावशी असल्या तर त्यांना भेटायचं आहे. तिकीट कुठलंही असो, त्या दारापाशी थोडा वेळ थांबायचं आहे.